एकच प्रत : मुंबईच्या अमूर्त चित्रपटांची गोष्ट

१/८
१९६९ साली मुंबईत एका चित्रकाराने सहा मिनिटांचा चित्रपट केला. त्यात ना नट होते, ना कथा. होता तो केवळ एक स्वप्नवत भूप्रदेश. त्या चित्रपटाची एकच प्रत होती आणि ती हरवली. हा थ्रेड त्या प्रतीविषयी आणि तिच्या काळातल्या अरुंद फितींविषयी.

२/८
चित्रपटगृहांत तेव्हा ३५ मिलिमीटर रुंदीची फीत चाले. तिचा सारा पसारा भांडवलाविना उभा राहत नसे. कोडॅकने १९२३ मध्ये १६ मिलिमीटरची आणि १९३२ मध्ये ८ मिलिमीटरची फीत आणली, ती मुख्यतः घरगुती हौसेसाठी. या कॅमेऱ्यांमुळे एकट्या माणसाला चित्रपट करणे शक्य झाले.

३/८
मात्र या स्वस्ताईची एक किंमत होती. हौशी फीत बहुधा ‘रिव्हर्सल’ प्रकारची असे. कॅमेऱ्यातून गेलेली फीतच धुतल्यावर थेट पडद्यावर दाखवता येई. वेगळी निगेटिव्ह नसे. त्यामुळे मूळ गेले की सारेच गेले.

४/८
चित्रकार अकबर पदमसी (१९२८–२०२०) यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. तिच्या आधारे त्यांनी १९६९ मध्ये मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उभारले. निरनिराळ्या माध्यमांतील कलावंतांनी एकाच छताखाली प्रयोग करावेत, ही त्यामागची कल्पना.

५/८
तिथे पदमसींनी ‘सिझिजी’ हा १६ मिलिमीटरचा कृष्णधवल मूकपट केला. सुमारे हजार रेखाटने, अॅनिमेशनला राम मोहन यांचे साहाय्य आणि अकरा मिनिटे केवळ रेषांचा व आकारांचा खेळ.

६/८
हरवला तो ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’. स्वतःच्याच एका तैलचित्रापासून प्रेरणा घेऊन, स्टेन्सिल आणि स्लाइड प्रोजेक्टरच्या साहाय्याने आकारांवर आकार चढवत पदमसींनी तो बोलेक्स कॅमेऱ्यावर टिपला. क्लाउड चेंबर हे भौतिकशास्त्रातले उपकरण : डोळ्यांना न दिसणारा कण त्यातून जातो आणि मागे बाष्पाची रेघ तेवढी उरते. चित्रपटाच्या नशिबीही नेमके तेच आले.

७/८
त्याच कार्यशाळेत नलिनी मलानी या तरुण चित्रकर्तीने १९६९ मध्ये ८ मिलिमीटरच्या रंगीत फितीवर ‘ड्रीम हाउसेस’ केला. घरांची प्रतिकृती, रंगीत प्रकाश आणि एकेक चौकट टिपत केलेले अॅनिमेशन : नव्या राष्ट्राच्या नियोजित, उजळ शहराचे हे स्वप्न. १९७६ मध्ये त्यांनी त्याला कृष्णधवल मुंबईच्या चित्रणाची जोड दिली आणि ‘युटोपिया’ ही दोन पडद्यांची कलाकृती सिद्ध झाली. फीत टिकली, म्हणूनच स्वप्न आणि वास्तव आज शेजारी-शेजारी पाहता येते.

८/८
दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना सोबत घेऊन हरवलेल्या चित्रपटाचा शोध घेतला. त्यातून २०१६ मध्ये त्याच नावाचा माहितीपट आला. तो मोलाचा आहे, परंतु स्मरणातून घडवलेले रूप ही साक्ष असते, मूळ साधन नव्हे. इतिहासाच्या अभ्यासकाने हा भेद विसरू नये. घरच्या माळ्यावर एखादे जुने रीळ सापडले, तर रद्दीत टाकण्यापूर्वी एवढे आठवावे : कदाचित तीच एकमेव प्रत असेल.