पाऊस तोच, मग जंगल वेगळं का? उत्तर डोंगराच्या उतारात

नवी मुंबई : खारघरचा डोंगर पावसाळ्यात हिरवागार दिसतो, पण मार्च उजाडला की बऱ्याच भागावर वाळलेलं गवत आणि काळा कातळ उरतो. पनवेलच्या पुढे कर्नाळ्याच्या घळींत मात्र भर उन्हाळ्यातही सावली मिळते. पाऊस दोन्हीकडे जून ते सप्टेंबरचाच, खडकही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. कुऱ्हाड आणि वणवा ही कारणं आहेतच. कर्नाळ्याला १९६८ पासून अभयारण्याचं संरक्षणही आहे. पण मुळात जमिनीची ठेवण वेगळी.

आपल्याकडचा लाव्हा थरावर थर साचत गेला. कठीण थराचा उभा कडा झाला, मऊ थर झिजून त्याची पायरी झाली. कड्यावर माती टिकत नाही, म्हणून तिथे गवत आणि फार तर कारवी. पायरीवर वरून वाहून आलेली माती साचते, पाणी मुरतं आणि झाडं उभी राहतात. माथेरानच्या कड्यांवर लांबून हिरवे आडवे पट्टे दिसतात ते यामुळेच. घळीत तर माती खोल, वारा कमी, ओलावा जास्त दिवस टिकतो. तिथे उंबर, जांभूळ, आंबा. मोकळ्या उतारावर साग, ऐन, काटेसावर, म्हणजे उन्हाळ्यात पानं गाळून तग धरणारी झाडं.

उताराचं तोंड कुठे, हेही बघावं लागतं. दक्षिणेकडचा आणि पश्चिमेकडचा उतार दुपारचं ऊन खातो आणि लवकर सुकतो. उत्तरेकडचा त्या मानाने ओलसर राहतो.

उंचीचा परिणाम माथेरानला कळतो. सुमारे ८०० मीटरवर ढग अडतात, हवा गार होते. माथ्यावरच्या जांभ्या मातीत अंजन, जांभूळ अशी सदाहरित छाया आहे. दुसऱ्या टोकाला ठाणे खाडीत भरती-ओहोटीच्या सपाट चिखलावर फक्त तिवरांचं राज्य. तिथे वीतभर उंची बदलली तरी झाडाची जात बदलते.

पावसाळी वृक्षलागवडीत नेमकं हेच विसरलं जातं. कातळावर वीतभर मातीत लावलेलं रोप दिवाळीनंतर पाण्यावाचून मरतं, मग खड्डे मोजून उपयोग काय? अशा उतारावर आधी गवत आणि कारवी राखायची, मोठी झाडं पायरीवर आणि ओहोळाच्या काठी लावायची.

उभ्या उतारावर नुसत्या झाडांवर भिस्त ठेवणंही धोक्याचं. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. मुसळधार पावसाने भिजून जड झालेला मातीचा थर उभ्या खडकावरून सुटला, तर मुळं एका मर्यादेपर्यंतच धरून ठेवतात. पारसिकच्या रांगेत खाणींनी डोंगर जिथे उभा कापला आहे तिथे पायरीच उरलेली नाही. वरची माती थेट खाली येते, आणि नवं झाड धरायला जागा राहत नाही.