नित्य मंत्रजप आणि अधिकाराचा प्रश्न : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

हिंदू धर्माचरणात मंत्रजपाला नित्यकर्माचे स्थान आहे. भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात सर्व यज्ञांमध्ये जपयज्ञाला श्रेष्ठ मानले आहे. मनुस्मृतीने विधियज्ञापेक्षा जपयज्ञ दसपट, उपांशू म्हणजे जवळच्यालाही ऐकू न येणारा जप शतपट आणि मानस जप सहस्रपट फलदायी सांगितला आहे. जपाला द्रव्य लागत नाही, यज्ञसामग्री लागत नाही आणि पुरोहिताचीही गरज नसते. त्यामुळे उपासनेचा हा सर्वांत सुलभ प्रकार सर्वांना सारखाच उपलब्ध असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. कोणता मंत्र म्हणावा यापेक्षा तो कोणी म्हणावा, हाच प्रश्न महाराष्ट्रात अनेक शतके वादाचा विषय ठरला. या प्रश्नाला समाजाने दिलेल्या तीन उत्तरांचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अधिकाराची चौकट

वैदिक परंपरेतील नित्यजपाचा केंद्रबिंदू म्हणजे गायत्री मंत्र. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील विश्वामित्रांची ही ऋचा सवितृदेवतेला उद्देशून आहे. उपनयनात बटूला तिचा उपदेश होतो आणि त्यानंतर संध्यावंदनात आचमन, प्राणायाम, अर्घ्यप्रदान यांबरोबर तिचा जप दररोज करावयाचा असतो. धर्मशास्त्राने उपनयनाचा अधिकार पहिल्या तीन वर्णांतील पुरुषांपुरताच ठेवला. उत्तरकालीन धर्मशास्त्राने स्त्रियांना तो नाकारला. शूद्रांसाठी वेदमंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्रांची योजना झाली. सतराव्या शतकात काशीच्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्ट यांनी रचलेला 'शूद्रकमलाकर' हा ग्रंथ याच व्यवस्थेचे तपशीलवार विवेचन करतो. कलियुगात ब्राह्मण आणि शूद्र हे दोनच वर्ण उरले आहेत, असे मत दक्षिणेत रूढ झाल्यामुळे महाराष्ट्रातील क्षत्रियत्व सांगणारी घराणीही पुराणोक्ताच्या कक्षेत आली. त्यामुळे नित्याचा मंत्र हा केवळ उपासनेचा भाग राहिला नाही. त्यातून माणसाचे सामाजिक स्थान रोज सकाळी नव्याने अधोरेखित होऊ लागले.

पहिले उत्तर : नाममंत्र

या चौकटीला पहिले उत्तर भक्तिपरंपरेने दिले. ज्ञानेश्वरीच्या (१२९०) अठराव्या अध्यायात वेद संपन्न असला तरी तीन वर्णांच्याच कानी लागल्यामुळे कृपण ठरला आणि गीतेने ती उणीव भरून काढली, असा विचार ज्ञानेश्वरांनी मांडला आहे. वारकरी संप्रदायाने हाच विचार नामस्मरणाच्या रूपाने घरोघरी नेला. हरिपाठाचे नित्य पठण आणि 'रामकृष्णहरी' या मंत्राचा जप यांना उपनयनाची अट नव्हती. तुकारामांना हा मंत्र बाबाजी चैतन्य यांच्याकडून स्वप्नात मिळाला, अशी परंपरा आहे. पुढे संत बहिणाबाई या ब्राह्मण स्त्रीला तुकारामांकडून स्वप्नातच गुरूपदेश झाला. जन्माने उच्चवर्णीय असूनही वैदिक मंत्राला पारखी असलेली स्त्री धर्मशास्त्राने शूद्र मानलेल्या संताकडून उपदेश घेते, ही घटना नाममंत्राचे सामर्थ्य स्पष्ट करते. रामदासांनी (१६०८–१६८१) प्रसृत केलेला त्रयोदशाक्षरी राममंत्र गोंदवलेकर महाराजांनी (१८४५–१९१३) सर्वसामान्य प्रापंचिकांच्या नित्यजपात आणला.

परंतु नाममंत्राने अधिकाराची चौकट ओलांडली, ती मोडली नाही. तुकारामांनी वेदार्थ प्राकृतात सांगितला म्हणून रामेश्वर भट्टांनी आक्षेप घेतला आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, ही परंपरेतील हकिकत या मर्यादेची साक्ष देते. ईश्वरापुढील समता मान्य झाली, पण विधीमधील विषमता कायम राहिली.

दुसरे उत्तर : वेदोक्ताची मागणी

विधीचा प्रश्न राज्यसत्तेच्या संदर्भात अटळ झाला. ६ जून १६७४ रोजी रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक गागाभट्टांनी केला. तत्पूर्वी महाराजांची मुंज करण्यात आली. गागाभट्ट हे कमलाकरभट्टांचे पुतणे होते, हे लक्षात घेतले म्हणजे एकाच घराण्यातून या प्रश्नाची दोन टोके कशी पुढे आली, हे दिसते. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्या कारकिर्दीत हा वाद पुन्हा उद्भवला.

कोल्हापुरात या वादाला निर्णायक वळण मिळाले. १८९९ साली राजर्षी शाहू महाराज कार्तिकस्नानासाठी पंचगंगेवर जात असताना पुरोहित पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे बरोबरच्या राजारामशास्त्री भागवत यांनी निदर्शनास आणले. येथे एक बाब विशेष लक्षणीय आहे. हा वाद राज्याभिषेकासारख्या अपवादात्मक प्रसंगी नव्हे, तर रोजच्या स्नानाच्या मंत्रावरून सुरू झाला. राजोपाध्ये यांनी वेदोक्त विधी करण्यास नकार दिला. वेदोक्त विधीस तयार झालेल्या ब्राह्मणांवर स्वजातीयांनी बहिष्कार घातला. ऑक्टोबर १९०१ मध्ये लोकमान्य टिळकांनी 'वेदोक्ताचे खूळ' या मथळ्याखाली 'केसरी'तून या मागणीवर टीका केली. मे १९०२ मध्ये महाराजांनी राजोपाध्यांची वतने जप्त केली. त्याविरुद्ध ब्रिटिश सरकारकडे केलेली अपिले फेटाळली गेली. १९०५ मध्ये शंकराचार्यांच्या पीठाने महाराजांचा वेदोक्ताचा अधिकार मान्य केला.

त्यानंतरही महाराज तेथेच थांबले नाहीत. १९२० मध्ये त्यांनी मराठा समाजासाठी क्षात्रजगद्गुरूंचे पीठ स्थापन केले आणि ब्राह्मणेतर तरुणांना पौरोहित्य शिकविण्याची व्यवस्था केली. मंत्राचा अधिकार कोणाच्या तरी कृपेने मिळण्याऐवजी शिक्षणाने मिळावा, ही त्यामागील भूमिका होती.

तिसरे उत्तर : सत्यशोधक नकार

महात्मा जोतीराव फुले यांनी या प्रश्नाची मांडणीच बदलली. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने ब्राह्मण पुरोहिताशिवाय विधी करण्याचा पुरस्कार केला. फुले यांनी रचलेल्या मराठी मंगलाष्टकांत वधू-वर परस्परांशी अर्थपूर्ण प्रतिज्ञा करतात. न समजणाऱ्या भाषेतील मंत्रांचा अधिकार मागण्याऐवजी समजणाऱ्या भाषेतील शब्दांना विधीचे स्थान देणे, हे या उत्तराचे स्वरूप होते. शाहू महाराजांनी वेदोक्ताच्या मागणीबरोबरच पुढे सत्यशोधक चळवळीलाही पाठबळ दिले. त्यामुळे ही दोन उत्तरे परस्परविरोधी नव्हती, हे स्पष्ट होते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, नाममंत्राने अधिकाराचा प्रश्न वळसा घालून टाळला, वेदोक्ताच्या मागणीने अधिकारात वाटा मागितला, तर सत्यशोधकांनी अधिकाराची कल्पनाच नाकारली. संतांचे उत्तर आध्यात्मिकदृष्ट्या परिपूर्ण असूनही सुमारे सहा शतकांनंतर वेदोक्ताचा वाद पेटला. याचे कारण असे की, वेदोक्तामागे वतन, प्रतिष्ठा आणि सामाजिक क्रम उभा होता. नामजपाने या गोष्टींना हात लावला नव्हता. स्त्रियांच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी उशिरा ऐरणीवर आला. पुण्यात शंकरराव थत्ते यांनी १९७० च्या दशकात स्त्रियांना पौरोहित्य शिकविण्यास आरंभ केला. पुढे ज्ञान प्रबोधिनीने जात व लिंगभेद न मानता हे शिक्षण खुले केले. म्हणूनच मंत्रजपाचा इतिहास केवळ भक्तीचा इतिहास म्हणून अभ्यासणे अपुरे ठरते. ओठांतल्या ओठांत म्हटल्या जाणाऱ्या मंत्रामागेही समाजरचनेचा जाहीर वाद दडलेला असतो. भक्तीच्या समतेला विधीतील आणि व्यवहारातील समतेची जोड मिळाली नाही, तर ती अपुरीच राहते, हे या इतिहासाचे सार होय.