जुनी बर्गंडी : आस्वाद आणि पाठचिकित्सा

आस्वादक आणि संशोधक यांचे आपल्याकडे फारसे सख्य दिसत नाही. कवितेत रमणाऱ्याला पाठभेदांची टिपणे रुक्ष वाटतात आणि हस्तलिखिते ताडून पाहणाऱ्याला आस्वादकाची भाषा पोकळ वाटते. रसग्रहण आधी की चिकित्सा आधी, हा वाद वर्गात आणि नियतकालिकांत आपण पुष्कळदा ऐकला आहे. हाच वाद साहित्याच्या पूर्ण बाहेरच्या एका क्षेत्रात थेट न्यायालयापर्यंत कसा गेला, याची हकीकत आम्ही येथे मांडणार आहोत. ते क्षेत्र आहे फ्रान्समधील बर्गंडी प्रांतातल्या जुन्या रेड वाइनची खरेदी आणि तिचा आस्वाद.

एप्रिल २००८ मध्ये न्यूयॉर्कमधील एका उपाहारगृहात जुन्या वाइनचा लिलाव भरला होता. विक्रीच्या यादीत पोंसो या घराण्याच्या वाइनचे बावीस संच होते. त्यांत 'क्लो सें-दनी' या मळ्याच्या १९४५ ते १९७१ या काळातल्या बाटल्या होत्या. लिलावाच्या वेळी त्या घराण्याचे प्रमुख लोराँ पोंसो स्वतः फ्रान्सहून येऊन दालनात बसले होते. त्यांच्या आग्रहावरून हे सर्व संच विक्रीतून मागे घेतले गेले. त्यांचा आक्षेप अगदी साधा होता. पोंसो घराण्याने क्लो सें-दनीची वाइन करायला सुरुवात केली तीच मुळी १९८० नंतर. मग १९४५ ची बाटली आली कोठून? यादीत 'क्लो द ला रोश' या दुसऱ्या मळ्याची १९२९ ची एक बाटलीही होती. घराण्याने स्वतःच्या नावाने बाटल्या भरायला आरंभ केला तो त्यानंतर पाच वर्षांनी, १९३४ मध्ये.

या बाटल्या लिलावाला देणारा रूडी कुर्नियावान हा इंडोनेशियातून अमेरिकेत आलेला तरुण संग्राहक होता. २००६ मधल्या दोन लिलावांत त्याच्या संग्रहातील वाइन सुमारे साडेतीन कोटी डॉलरना विकली गेली होती. त्याने दिलेल्या बाटल्या अनेक नामांकित रसिकांनी चाखल्या होत्या, वाखाणल्या होत्या आणि त्यांवर टिपणेही लिहिली होती. एका तारखेने जे उघडकीला आणले, ते इतक्या तयारीच्या जिभांना का कळले नाही? हा प्रश्न समजून घ्यायचा तर बर्गंडीच्या इतिहासात थोडे मागे जावे लागेल.

दीजों शहरापासून दक्षिणेकडे सुमारे साठ किलोमीटर पसरलेला एक अरुंद उतार म्हणजे या वाइनचे माहेर. येथे रेड वाइनसाठी जवळजवळ एकच द्राक्ष लावतात, ते म्हणजे पिनो न्वार. इ.स. १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने भरघोस पिकणारी गामे ही जात उपटून टाकण्याचा हुकूम काढला होता. जात एकच राहिल्याने लक्ष मातीकडे वळले. १०९८ मध्ये स्थापन झालेल्या सीतो येथील मठाच्या साधूंनी पिढ्यान्पिढ्या मळे राखले. वूजो येथील त्यांच्या सुमारे पन्नास हेक्टरांच्या मळ्याभोवतीची भिंत आजही उभी आहे. कोणत्या तुकड्यातली वाइन कशी लागते हे ध्यानात ठेवत, बांधाबांधाला नावे देत हा उतार शेकडो वर्षांत वाचला गेला. अशा नावाच्या तुकड्याला तेथे 'क्लिमा' म्हणतात. २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या या क्लिमांची संख्या १,२४७ आहे. आपल्याकडेही शिवारातल्या तुकड्यांना वडाचा मळा, खालची पट्टी अशी नावे असतातच. बर्गंडीत ही नावे बाटलीवर चढली आणि त्यांवरून किंमत ठरू लागली.

नावांचे मोल एवढे वाढले की गावांनी आपल्या शिवारातील सर्वांत नावाजलेल्या तुकड्याचे नाव स्वतःच्या नावाला जोडून घेतले. १८४७ मध्ये 'जेव्रे'चे 'जेव्रे-शांबेर्तँ' झाले. १९२७ मध्ये 'मोरे' या गावाने क्लो सें-दनीवरून 'मोरे-सें-दनी' हे नाव घेतले. खरेदीदाराला याचा अर्थ नीट ठाऊक असावा लागतो. लेबलावर नुसते 'शांबेर्तँ' असेल तर ती त्या एका तुकड्याची, सर्वोच्च श्रेणीची वाइन. 'जेव्रे-शांबेर्तँ' एवढेच असेल तर ती गावच्या शिवारातली, बरीच खालच्या श्रेणीची. येथे एका जोडरेघेवर किंमत कित्येक पटींनी बदलते.

तुकड्याच्या नावानेही काम भागत नाही. राज्यक्रांतीच्या काळात धर्मसंस्थांच्या जमिनी जप्त होऊन लिलावात निघाल्या. पुढे १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेने वारसांना समान वाटण्या दिल्या. त्यामुळे मळ्यांचे तुकडे पडत गेले. ज्या वूजोच्या मळ्याचा मालक एकेकाळी एकच मठ होता, तेथे आज सुमारे ऐंशी मालक आहेत. माती एक, द्राक्ष एक, साल एक. पण करणारे हात ऐंशी. एकाच संहितेच्या ऐंशी प्रती, असे म्हणायला हरकत नाही.

त्यात पुन्हा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपर्यंत बहुतेक शेतकरी स्वतः बाटल्या भरतच नव्हते. बोन आणि न्वी येथील व्यापारी पिंपांनी वाइन विकत घेत, आपल्या तळघरात मिसळत आणि आपल्या नावाने विकत. दक्षिणेकडची दणकट वाइन मिसळून बर्गंडीला रंग आणण्याचा उद्योगही चाले. १९२० आणि १९३० च्या दशकांत आंझेर्व्हिल, गूज, रूसो अशा काही मळेवाल्यांनी स्वतः बाटल्या भरायला सुरुवात केली आणि १९३५ च्या कायद्याने उगमस्थानाच्या नावांना संरक्षण मिळाले. म्हणून कोणते घराणे कोणत्या वर्षापासून कोणत्या तुकड्याची वाइन स्वतःच्या नावाने भरू लागले, ही माहिती जुन्या बर्गंडीच्या ग्राहकासाठी शोभेचे पांडित्य नसते. ग्रंथाच्या अभ्यासकाला आवृत्तीचे वर्ष लागते, तशी ती लागते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण रोमाने-कोंती या जेमतेम १.८ हेक्टरांच्या मळ्याचे आहे. तेथील जुने वेल १९४५ च्या सुगीनंतर उपटले गेले. त्या वर्षी अवघ्या सहाशेच्या आसपास बाटल्या भरल्या होत्या. नव्या वेलांची पहिली वाइन १९५२ ची. म्हणजे १९४६ ते १९५१ यांपैकी कोणत्याही सालाची रोमाने-कोंती कोणी विकायला आणली, तर तिचे बूच काढण्याचीही गरज नाही.

कागदाची पारख झाल्यावर बाटलीची पारख सुरू होते. पिनो न्वारची साल पातळ, त्यामुळे वाइनचा रंग मुळातच फिका. वर्षे जातात तशी रंगद्रव्ये आणि तुरट घटक एकमेकांत गुंफून तळाशी बसतात आणि लाल रंग विटकरीकडे झुकतो. बुचातून हवा अत्यंत सावकाश झिरपते आणि वाइन थोडी थोडी उडून जाते. बर्गंडीच्या उतरत्या खांद्यांच्या बाटलीत ही तूट बुचापासून सेंटिमीटरमध्ये मोजतात. चाळीस वर्षांच्या बाटलीत तीन सेंटिमीटर तूट असेल तर कोणी दचकत नाही. सात असेल तर घेणारा विचारात पडतो. सत्तर वर्षांच्या बाटलीत वाइन काठोकाठ आणि बूच कोरे करकरीत असेल, तर तो आणखी मोठ्या विचारात पडतो. ते घराण्याच्या तळघरातच नव्याने बसवले गेले असेल तर तशी नोंद मिळायला हवी. शिवाय ही बाटली आजवर कोणाकोणाच्या तळघरात होती, याची साखळी विचारावी लागते. हस्तलिखित कोणत्या मठातून कोणाच्या घरी आले हे आपण विचारतो, तसेच हे.

मग आस्वाद. गाळ खाली बसावा म्हणून बाटली एक-दोन दिवस उभी ठेवतात आणि मानेमागे उजेड धरून हलक्या हाताने ओततात. कोवळेपणी चेरीसारखी फळे आठवून देणारी ही वाइन वयानुसार ओली पाने, अळंबी, कातडे, पावसानंतरची माती अशा वासांकडे सरकते. हे वास फार वेळ टिकत नाहीत. अतिवृद्ध वाइन पेल्यात काही मिनिटांतच मावळते. पुस्तकाचे पान उलटून पुन्हा वाचता येते. येथे पुनर्वाचन नाही. प्रत एकच, आणि वाचताना ती संपते.

एका स्नेह्यांच्या घरी आम्हाला जुन्या बर्गंडीचा घोट एकदा मिळाला होता. लेबल न दाखवता त्यांनी पेले पुढे केले. आम्ही आपापसांत सभ्यपणे 'बरी आहे' म्हणालो. त्यांनी साल सांगितल्यावर त्याच पेल्यात आम्हाला खोली जाणवू लागली, ओल्या पानांचा वास आला, एकाला तर आजोळच्या माळ्याची आठवण झाली. आम्ही ढोंग करत नव्हतो. वास खरोखरच आला. ही गोष्ट आठवली की कुर्नियावानच्या मेजावर बसलेल्यांना हसण्याचा आमचा अधिकार आम्ही सोडून देतो.

त्याला मार्च २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील त्याच्या घरी अटक झाली. तेथे हजारो छापील लेबले, रबरी शिक्के, जुनी बुचे, लाख आणि कोणती वाइन कशात मिसळायची याची टिपणे सापडली. डिसेंबर २०१३ मध्ये ज्यूरीने त्याला दोषी ठरवले, ऑगस्ट २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली आणि २०२१ मध्ये त्याची इंडोनेशियाला रवानगी झाली. खटल्यात पोंसो यांच्यासह बर्गंडीच्या मळेवाल्यांच्या साक्षी झाल्या आणि त्यांनी घराण्यांचा इतिहास न्यायालयापुढे ठेवला.

यावरून चिकित्सेने आस्वादाला हरवले, असा निकाल देण्याचा मोह होतो. आम्हाला तो अपुरा वाटतो. एक तर कुर्नियावान स्वतः असामान्य चवीचा माणूस होता. कमी नावाच्या जुन्या वाइनमध्ये तरुण वाइन मिसळून थोर सालाचा भास उभा करणे बेचव माणसाला साधणार नाही. दुसरे असे की मेजावरचे रसिक सर्वस्वी चुकले नव्हते. त्यांच्या पेल्यात पुष्कळदा काही ना काही चांगले होतेच. त्यांची चूक एवढीच की समोरचे चांगले आहे या अनुभवावरून ते अमुकच आहे असा निष्कर्ष त्यांनी काढला. चवीला गुण कळतो. कर्तृत्व आणि काळ ठरवायला तिला साक्षीदार लागतो. साहित्यात प्रक्षिप्त ओवी सुंदर वाटू शकते, आणि ती सुंदर आहे म्हणून मूळ कवीची ठरत नाही.

तिसरी गोष्ट आम्हाला अधिक मोलाची वाटते. पोंसो यांच्याजवळचा पुरावा कागदाचा होता हे खरे. पण क्लो सें-दनी हे नाव वेगळे का राखले गेले? त्याची सीमा कोणी आखली? कोणत्या तरी शतकात कोणाला तरी या बांधाच्या अलीकडची वाइन पलीकडच्या वाइनहून निराळी लागली, आणि पुढच्यांनाही तशीच लागत राहिली. १८६१ मध्ये बोन येथील कृषी समितीने मळ्यांची श्रेणी लावून नकाशा प्रसिद्ध केला, त्यामागेही पिढ्यांचे चाखणे होते. या प्रांताचे दफ्तर म्हणजे साठलेला आस्वादच आहे. नकली लेबलाने संग्राहकांचे पैसे बुडाले, ते मोठे नुकसानच. परंतु १९४५ च्या खोट्या क्लो सें-दनीवर लिहिलेले खरे टिपण पुढच्या वाचकाची स्मृतीही बिघडवते. जी वाइन कधी नव्हतीच, तिच्या चवीचे वर्णन उरते, आणि उद्याचा रसिक त्या मापाने अस्सल वाइन मोजू लागतो.

आपल्या परंपरेत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला. त्यांच्या रसिकतेविषयी शंका घेण्याचे धाडस कोणी करणार नाही. ज्या ग्रंथावर त्यांचे प्रेम होते, त्याचाच पाठ त्यांनी तपासला. एप्रिल २००८ मध्ये समुद्र ओलांडून आलेले मळेवाले पोंसो हेही काही पुराभिलेखाचे अधिकारी नव्हते. त्या उतारावर त्यांच्या घराण्याचे वेल होते आणि तेथली वाइन ते दरवर्षी चाखत होते. लेबलावरचे साल त्यांना खटकले, कारण त्या नावाची खरी चव त्यांच्या घरची होती.