बैसंत्री, कौसल्या

(१९२६–२०११). हिंदीतून लिहिणाऱ्या नागपूरच्या दलित आत्मचरित्रकार व कार्यकर्त्या. माहेरचे आडनाव नंदेश्वर. त्यांचे बालपण नागपूरच्या खलाशी लाइन या वस्तीत गेले. आईवडील दोघेही एम्प्रेस मिलमध्ये कामाला. वडील यंत्रांना तेल देत, आई सूतखात्यात. टाटांच्या या गिरणीने १८७७ पासून नागपूर भागातील अनेक महार कुटुंबांना गावकीबाहेरची रोख मजुरी दिली. मुलींना शिकवण्याची हिंमत त्या मजुरीच्या आधाराने आली, हे नागपूरच्या दलित चळवळीचा इतिहास लिहिताना फारसे लक्षात घेतले जात नाही.

आरंभीचे शिक्षण दलित समाजसुधारक जाईबाई चौधरी यांच्या शाळेत, पुढे भिडे कन्याशाळेत. फी माफ व्हावी म्हणून वडील मुख्याध्यापिकांना भेटले, तेव्हा विटाळ नको म्हणून पायांना हात न लावता त्यांनी लांबूनच जमिनीला डोके टेकले. पुढे मुलगी सायकलवरून शाळेला जाऊ लागली आणि रस्त्यावरचे टोमणे सुरू झाले.

नागपुरात जुलै १९४२ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय दलित महिला परिषदेत त्या विद्यार्थिदशेतच सहभागी झाल्या. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, डॉ. आंबेडकर उपस्थित होते. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला विरोध आणि गिरणी-बिडी कामगार स्त्रियांना रजा असे ठराव तेथे झाले. घटस्फोट व बहुपत्नीत्व याच प्रश्नांना हात घालणाऱ्या हिंदू कोड बिलाच्या चर्चेत या ठरावांचा उल्लेख अभावानेच येतो. शेड्यूल्ड कास्ट स्टुडंट्स फेडरेशनमध्येही त्यांनी काम केले.

विवाहोत्तर वास्तव्य मुख्यतः दिल्लीत.

‘दोहरा अभिशाप’ (१९९९) हे आत्मकथन हिंदीतील पहिले दलित स्त्री-आत्मचरित्र मानले जाते. पुस्तकाचा मोठा भाग आजी आणि आई यांचा आहे. सवतीच्या घरातून मुलांना घेऊन पायी निघालेली आजी हे त्यातील सर्वांत ठसठशीत व्यक्तिचित्र. शीर्षकातला दुहेरी शाप म्हणजे दलित असणे आणि स्त्री असणे. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रीवादी फ्रान्सिस बील यांनी कृष्णवर्णीय स्त्रीवरील वंशाच्या व लिंगाच्या दुहेरी जाचाची मांडणी १९६९ मध्ये केली. बैसंत्री तशाच निष्कर्षाला पोचतात, पण सिद्धान्त न मांडता, वस्तीतल्या, शाळेतल्या आणि संसारातल्या प्रसंगांतून.

नागपूरच्याच दलित लेखिका कुमुद पावडे यांचे आत्मकथनपर ‘अंतःस्फोट’ (१९८१) मराठीत असल्याने मराठी समीक्षेत स्थिरावले. बैसंत्री यांची मातृभाषा मराठी, पुस्तक हिंदी. त्यामुळे मराठी वाङ्मयेतिहासात त्यांची दखल तुटपुंजीच आहे. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी मात्र आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांवरील ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथात आत्मचरित्राच्या दहा वर्षे आधीच त्यांची नोंद घेतली होती.