काशीहून काय आणले?

वाचक माउली, तीर्थयात्रेहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो हाच, की काय आणले? पंढरीहून येणारा बुक्का आणतो, तुळशीची माळ आणतो, लाह्या-बत्तासे आणतो. काशीहून येणारा गंगेची झारी आणतो आणि गंगापूजनाला सोयऱ्याधायऱ्यांना जेवू घालतो. आज ज्या राजाची गोष्ट सांगायची आहे तो काशीहून माणसे घेऊन आला.

गोष्ट आठवण्याचे कारण माझा नातू. तो पुण्याला नोकरी करतो. दिवाळीच्या सुट्टीआधी त्याने महाराष्ट्रात पाहावयाच्या ठिकाणांची एक लांबलचक यादी मला मोबाइलवर वाचून दाखवली. वेरूळ-अजिंठा होते, रायगड होता, महाबळेश्वर, गणपतीपुळे, ताडोबा सारे होते. पुष्कळ खाली आमचा गोंदिया जिल्हा दोन ओळींत आटोपला होता: नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आणि हाजरा धबधबा. मग तो म्हणाला, "आजोबा, मित्रांना घेऊन येतो. दोन दिवसांत सगळे बघून होईल ना?"

मी म्हणालो, ये बाबा. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ बसून राहिलो. पन्नास वर्षे या झाडीपट्टीत कीर्तने केली, काकड्याला थंडीत कुडकुडत उठलो, काल्याच्या दह्यालाह्या वाटल्या. आणि आता नातवाला आपला मुलूख दाखवायचा तर कुठे उभे करून दाखवू, हेच मला पटकन सुचेना.

यादीत होते ते खोटे नव्हते. नागझिऱ्याचे अभयारण्य १९७० सालचे, नवेगावचे राष्ट्रीय उद्यान १९७५ सालचे, आणि दोन्ही मिळून २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झाला. नागझिऱ्यावर व्यंकटेश माडगूळकरांनी पुस्तक लिहिले. नवेगावला मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून राहिले आणि गावच्या माधवराव पाटलांचे बोट धरून जंगल वाचायला शिकले. मराठी वाचकाला हे ठाऊक आहे. दरेकसा स्टेशनाजवळचा हाजरा धबधबा पावसाळ्यात सुंदर दिसतो. गोंदिया शहराजवळच्या नागरा गावी महादेवाचे जुने देऊळ आहे. प्रतापगडच्या डोंगरावर महाशिवरात्रीला लोटणारी गर्दी पाहण्यासारखी असते, आणि त्याच गडाच्या पायथ्याला दर्गा आहे, तिथे उरूस भरतो. हे सारे बघावे. पण माझ्या मनात सारखे येत होते ते नवेगावबांधाचे पाणी.

लोक तिथे येतात, नावेत बसतात, पक्षी बघतात, फोटो काढतात आणि म्हणतात, काय निसर्ग आहे! माउली, हा निसर्ग नव्हे. डोंगर देवाने घडवले हे खरे. पण डोंगरांच्या मधल्या फटी माणसांनी टोपलीटोपलीने माती टाकून बुजवल्या, तेव्हा हे पाणी थांबले. इंग्रजांच्या जुन्या गॅझेटियरमध्ये या तलावाचे क्षेत्र पाच चौरस मैल आणि घेर सतरा मैल दिला आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे सांगतात. गाव म्हणजे नवेगाव आणि बांध म्हणजे कोलू पाटलांचा बांध. नावातच ते कर्तृत्व आहे, पण नाव उच्चारताना कोण थांबतो?

हे कोहळी कोण? त्यांच्यात चालत आलेली हकिगत अशी की, चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेला गेला. तिथे त्याने तलाव बांधण्यात निष्णात असलेले हे लोक पाहिले आणि परतताना त्यांची काही कुटुंबे बरोबर आणली. राजाचे नाव हकिगतीत नाही, म्हणून मीही सांगत नाही. पण राजाला काशीत काय दिसले ते पाहा. गंगेच्या काठी उभा राहून त्याला आपल्या मुलखाची आठवण झाली असणार. आमच्या झाडीत पाऊस कमी नाही, उदंड आहे. पण तो चार महिन्यांत कोसळतो आणि नाल्यांतून वैनगंगेकडे पळून जातो. धानाला तर पायाशी पाणी उभे लागते. अश्विनात पावसाने पाठ फिरवली की लोंबीत आलेला धान उभ्याउभ्या जातो. त्या राजाला गंगाजळाची झारी नेऊन भागणार नव्हते. त्याला पळते पाणी थांबवणारा हात हवा होता.

कोहळ्यांनी ते केले. उतार हेरायचा, दोन टेकड्यांच्या मधले तोंड मातीच्या पाळीने बंद करायचे, आतल्या अंगाला दगड लावायचे. पाणी सोडायला तुडूम ठेवायचे, म्हणजे पाळीतले ते दार, ज्याची बुचे एकेक काढली की हवे तेवढेच पाणी पाटाला जाते. जास्तीचे पाणी वाहून जाण्यासाठी एका कडेला सलंग ठेवायची; बाहेरचे लोक तिला सांडवा म्हणतात. वरच्या तलावाची सलंग वाहिली की ते पाणी खालच्या तलावात, त्याचे उरलेले त्याच्या खालच्यात. पाण्याचा थेंब डोंगरावरून नदीपर्यंत जाताना चार गावांना जेवू घालून जाई. कोणत्या बांधीला कधी पाणी द्यायचे हे ठरवायला पाणकर असे. या पाण्यावर धान तर होतच असे, पण कोहळ्यांचा ऊस आणि गूळही नावाजलेला होता. तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची रीत गोंड राजांनी ठेवली होती, म्हणून एकाचे पाहून दुसरा बांधी. असे करता करता भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत हजारो तलाव झाले. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघाला खरा, पण पाणी तेच.

आता माझी एक चूक सांगतो. तरुणपणी मी नवेगावच्या बाजूला सप्ताहात कीर्तनाला उभा होतो. स्थानिक दृष्टांत घातला की श्रोता जवळ येतो, हे मला कळू लागले होते. तलावाभोवतीच्या शिखरांना सातबहिणी म्हणतात, आणि त्या सात बहिणींनी कोलू पाटलांना बांध घालायला मदत केली अशी कथा आहे. मी ती कथा घेतली आणि तिला माझे तिखटमीठ लावले. सात बहिणी आल्या, एका रात्रीत पाळ उभी राहिली, कोंबडा आरवण्याआधी पाणी भरले, असे हातवारे करून सांगितले. टाळकऱ्यांनीही छान साथ दिली. लोक डोलले. मला वाटले, साधले.

कीर्तन संपल्यावर पाया पडायला रांग लागली. शेवटी एक म्हातारा आला. अंगात बंडी, हातात काठी. पाया पडला, आणि उठता उठता हळूच म्हणाला, "महाराज, एका रातीत जर पाळ झाली, त मंग आमचे पूर्वज का झोपले होते जी?"

माउली, मला उत्तर देता आले नाही. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागले. पुढे समजले की तो आपल्या गावच्या तलावाचा पाणकर होता. दुसऱ्या दिवशी तो मला त्याच्या तलावाच्या पाळीवर घेऊन गेला. तुडूम दाखवले. कुठे खेकडे बीळ पाडतात आणि ते वेळीच बुजवले नाही तर पाळ कशी फुटते, ते दाखवले. काठीने जमीन टोचून, कुठली माती पाणी धरते आणि कुठली सोडते, ते सांगितले. मी शास्त्राध्ययन केलेला माणूस; त्या सकाळी त्याच्यामागे मुकाट चाललो होतो.

कोलू पाटलांना लोकांनी देव केले. कोलासूर देव म्हणून त्यांचे ठाणे तलावाकाठच्या डोंगरावर आहे. याचा मला आनंदच आहे. ज्याने पाणी दिले त्याला नमस्कार व्हायलाच हवा. पण माणसाचा देव केला की त्याच्याबरोबर टोपली वाहणारे हजार हात दिसेनासे होतात. ते झाकण्याचे काम मी चमत्कार सांगून केले. आज तेच काम यादीतला "निसर्गरम्य" हा शब्द करतो.

तलावांचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. इंग्रजी अमलात गावे मालगुजारांकडे होती आणि तलावही. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांचे नाव माजी मालगुजारी तलाव, बोलीत मामा तलाव. मालगुजार काही संत नव्हता. वेठबिगारीच्या गोष्टी मी लहानपणी घरात ऐकल्या आहेत. ती गेली ते बरेच झाले. पण तिच्याबरोबर एक गोष्ट नकळत गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की गाव मिळून गाळ काढी, पाळीवर माती टाकी. तलाव सरकारचा झाल्यावर गाव म्हणू लागले, सरकार करील. गावाचा निस्तार हक्क कागदावर राहिला आणि गाळ तलावात. पाणी कमी मावू लागले, पोटात बेशरम माजली, कडेने शेती सरकत आत आली. जी वनस्पती पाण्यात उगवे आणि जिच्यात मासे अंडी घालीत, ती गेली. त्याचा पहिला फटका धीवरांना बसला.

अलीकडे अर्जुनी-मोरगाव तालुक्यात काही गावांत धीवर समाजातल्या बाया आणि माणसे तलावात उतरून बेशरम उपटतात, आणि नाहीशा झालेल्या पाणवनस्पती पुन्हा लावतात. गुडघाभर चिखलात उभे राहून पाण्यात रोप लावायचे. हे दृश्य कोणत्याही यादीत नाही. मला विचाराल तर वाघाच्या दर्शनापेक्षा ते दुर्मीळ आहे.

जंगलाचेही तसेच. वाघ राहावा म्हणून आतली काही गावे उठली आणि सौंदडजवळ नव्या वस्तीत आली. वाघ राहिला पाहिजे, यात मला शंका नाही. पण जिप्सीत बसून जाताना ज्या माळावर हरणे चरताना दिसतात, तिथे कधी कुणाची चूल होती का, एवढे वाटाड्याला विचारावे. गंमत अशी की याच जिल्ह्यात, इटियाडोह धरणाच्या बाजूला गोठणगाव-प्रतापगडच्या शिवारात, १९७२ साली देशोधडीला लागलेल्या तिबेटी लोकांची वसाहत झाली. कुणी इथून उठले, कुणी इथे येऊन टेकले.

आणि सालेकसा तालुक्यातले कचारगड. यादीवाल्यांसाठी ती एक मोठी गुहा. गोंड बांधवांसाठी ते मूळस्थान. माघ पौर्णिमेला दूरदूरच्या राज्यांतून ते तिथे पायी चढून येतात. त्यांची परंपरा सांगते की काली कंकालीची तेहतीस मुले शंभूने त्या गुहेत कोंडली होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड त्यांच्या सुटकेला आले, आणि हिरासुका नावाच्या वादकाने आपले वाद्य असे वाजवले की आतल्या मुलांच्या अंगात बळ आले व त्यांनी तोंडावरची शिळा लोटली. मुले सुटली. वादक त्या शिळेखाली सापडला. आयुष्यभर गळ्यात वीणा अडकवून उभा राहिलेला मी. ही कथा प्रथम ऐकली त्या रात्री मला झोप आली नाही. ती त्यांच्या श्रद्धेची कथा आहे, मी तिचे निरूपण करणार नाही. एकदा पाळ फुटल्यासारखा बोललो, ते पुरे झाले.

तर नातू आला. मित्र होते, गाडी होती. एक दिवस ते नागझिऱ्यात फिरले. वाघ दिसला नाही, म्हणून थोडे हिरमुसले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांना नवेगावबांधाच्या पाळीवर नेले. धुके होते, पलीकडच्या सातबहिणी दिसत नव्हत्या. मी काही सांगितले नाही. थोड्या वेळाने त्यांच्यातल्या एकाने, तो स्थापत्य अभियंता आहे म्हणे, खाली वाकून पाळीच्या आतल्या उतारावरचे दगड पाहिले. मग त्याने मला विचारले, "आजोबा, हे कुणी बांधले? यंत्राशिवाय?"

मी त्याला म्हणालो, बस. राजा काशीला गेला होता, तिथपासून सांगावे लागेल.