हवालदाराची कोटी रोज नवी

ब्रॉडवेवर 'फँटम ऑफ द ऑपेरा' १९८८ ते २०२३ चाललं, एकाच थिएटरात, १३,९८१ प्रयोग. आपल्याकडे वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ला आलं आणि गावोगाव फिरत दीड हजारांवर गेलं. कसं काय?

मी तुळजापूरचा, म्हणून मला गोंधळी आठवतो. कथा जुनीच, पण समोरच्या यजमानाला मध्येच ओढून हसवणार! विच्छाचा वगही तसाच. राजा, कोतवाल, मैना ठरलेले. हवालदार झालेले दादा कोंडके मात्र ताज्या बातम्यांवर कोट्या करायचे. लावण्या होत्याच, पण माझ्या मते लोक परत यायचे ते या कोट्यांसाठी. आशा भोसलेंनी दादांचं नाव भालजी पेंढारकरांना सुचवलं, तेही हा हवालदार बघूनच. त्या रात्रींच्या कोट्या आता छापील संहितेत कुठून सापडणार?