सहा महिन्यांची मुदत

परवा मोटारसायकलचा विमा भरला. ७५ ते १५० सीसीच्या गाडीला थर्ड पार्टीचा दर ७१४ रुपये, जून २०२२ मध्ये ठरलेला. वर कर वेगळा. माझ्या गाडीने कुणाला इजा झाली तर त्याला भरपाई मिळावी, यासाठी हा पैसा. साधी गोष्ट. पण तिचा इतिहास चाळता चाळता मी थेट आमच्या बीडच्या ऊसतोड कामगारांपाशी येऊन थांबलो.

हा विमा सक्तीचा केला १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने. भरपाईचा दावा सहा महिन्यांत करायचा, अशी त्यात अट होती. १९८८ च्या नव्या कायद्यातही ती राहिली. १९९४ मध्ये संसदेने ती काढून टाकली. उशीर झाला म्हणून कुणा गरिबाची भरपाई बुडू नये, हा विचार त्यामागे होता.

दार उघडलं की चोरही आत येतो. उत्तर प्रदेशात बनावट दाव्यांचं प्रमाण इतकं वाढलं की २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमायला लावलं. भलतीकडेच जखमी झालेल्याला रस्त्यावरच्या अपघातात दाखवायचं, विमा असलेली गाडी मागाहून प्रकरणात गोवायची, एकाच अपघाताचे दोन ठिकाणी दावे करायचे... अशा युक्त्या. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रकरणाची सुनावणी झाली, तेव्हा १,३७६ संशयित दाव्यांपैकी फक्त २४६ ची चौकशी पूर्ण झाली होती. सहा वर्षांत एवढंच!

खटले असे रेंगाळतात आणि भरपाईचा पैसा शेवटी सगळ्यांच्या हप्त्यांतूनच जातो. पण मला त्याहून मोठी किंमत दिसते ती वेगळीच. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत परत आणली. १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. जुन्या दाव्यात खरंखोटं कळत नाही, हा अशा मुदतीच्या बाजूचा युक्तिवाद. तो चूक नाही. पण आमच्याकडचा कोयता दिवाळीच्या आसपास घर सोडतो आणि पाडव्याच्या सुमारास परततो. तिकडे कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात ट्रॅक्टर उलटून घरधनी गेला, तर उचल फेडत बसलेल्या बाईची मुदत उसाच्या फडातच संपायची. या मुदतीला आव्हान दिलं गेलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेवढ्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश दिला. तात्पुरता का होईना, दिलासा.

बीडकरांना हे नवं नाही. २०२३ मध्ये एक रुपयात पीकविमा आला, बोगस अर्जांचा गाजावाजा झाला आणि २०२५ मध्ये योजनाच बंद झाली. बोगसवाले किती आत गेले, हा प्रश्न बाजूलाच. हप्ता मात्र खऱ्या शेतकऱ्याचा वाढला.

म्हणून वाटतं, खोटं करणाऱ्याला वेळेत शिक्षा होणं हे विमा कंपनीपेक्षा त्या बाईच्या जास्त हिताचं आहे. चोर सुटला की कुलूप तिच्याच दाराला लागतं.